इरावतीबाई आणि रंगांची पेटी

तुळशीचं लग्न लागलं की तलासरी-डहाणूच्या बाजारात कापडाची दुकानं गजबजतात. अलीकडे या लग्नसराईत एक नवी चर्चा ऐकू येते. मुली मोबाइलवर स्वतःचा फोटो टाकतात आणि एखादं ॲप त्यांचा ‘सीझन’ सांगतं. वसंत, ग्रीष्म, शरद किंवा शिशिर. त्वचेची छटा पिवळसर आहे की निळसर, केस काळे की तपकिरी, डोळे गडद की फिके, हे पाहून माणसाला चारांपैकी एका ऋतूत बसवायचं आणि त्या ऋतूचे रंगच त्याला शोभतात असं मानायचं, अशी ही पद्धत आहे. मनगटावरच्या शिरा निळ्या दिसल्या तर तुमची छटा थंड, हिरव्या दिसल्या तर उबदार, ही तिची घरगुती चाचणी.

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत हा विषय दोन वाटांनी येतो. एखादी मुलगी विचारते, की शिरा हिरव्या दिसतात म्हणजे रक्तात काही दोष आहे का. दुसरी विचारते, की आपल्याला फिके रंग शोभत नाहीत असं कळलंय, तर रंग उजळायला काय लावायचं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोन मिनिटांत देता येतं. दुसऱ्या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. त्वचा, केस आणि डोळे यांच्या रंगावरून माणसांचे गट पाडण्याचा उद्योग एके काळी मोठमोठ्या विज्ञानसंस्थांत चालत असे. त्या उद्योगाच्या अगदी केंद्रात जाऊन काम केलेली आणि हाती आलेल्या आकड्यांशी प्रामाणिक राहिलेली एक मराठी शास्त्रज्ञ होती. ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यांचं नाव इरावती कर्वे.

ब्रह्मदेशातली नदी, पुण्यातलं घर

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातल्या मिंज्यान इथे झाला. वडील गणेश हरी करमरकर तिथे अभियंता होते. तिथल्या इरावती नदीवरून मुलीचं नाव ठेवलं. सातव्या वर्षी शिक्षणासाठी तिला पुण्याला पाठवण्यात आलं. हुजूरपागेत असताना शकुंतला परांजपे ही वर्गमैत्रीण मिळाली आणि तिच्यामुळे रँग्लर र. पु. परांजपे यांच्या घरात तिला दुसऱ्या मुलीसारखी जागा मिळाली. पुस्तकं, वादविवाद आणि सश्रद्ध नसलेलं मोकळं वातावरण असं ते घर होतं.

१९२६ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान घेऊन त्या पदवीधर झाल्या. मग दक्षिणा फेलोशिप मिळवून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली शिकू लागल्या. १९२८ मध्ये एम. ए.साठी त्यांनी प्रबंध लिहिला तो चित्पावन ब्राह्मणांवर. हा त्यांच्या स्वतःच्याच जातीचा अभ्यास होता. गोरा वर्ण आणि घारे डोळे यांवरून या जातीच्या उगमाविषयी नाना तर्क महाराष्ट्रात तेव्हाही चालत होते.

त्या काळात भारतात मोजमापांचा मोठा दबदबा होता. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांनी नाकाची रुंदी आणि लांबी यांच्या गुणोत्तरावरून जातींची उतरंड लावता येते असा दावा केला होता. घुर्ये यांनी पुढे १९३२ च्या आपल्या ग्रंथात या दाव्याची कसून तपासणी केली. म्हणजे ज्या वर्गात इरावतीबाई शिकत होत्या, तिथे मोजपट्टीही होती आणि मोजपट्टीवरची शंकाही.

दरम्यान त्यांचं लग्न दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी झालं. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक, महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव. त्यांनी स्वतः जर्मनीत डॉक्टरेट केली होती, आणि पत्नीनेही तिथे जावं असं त्यांना वाटत होतं. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या सासऱ्यांना मात्र सुनेचं हे परदेशी जाणं पसंत नव्हतं. डॉ. जीवराज मेहता यांनी दिलेल्या कर्जावर अखेर प्रवास ठरला आणि इरावतीबाई बर्लिनला निघाल्या.

रंगांचे नमुने आणि माणसांचे खाने

बर्लिनच्या डाहलेम भागात १९२७ मध्ये कैसर विल्हेल्म संस्थेची एक नवी शाखा सुरू झाली होती. मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजनन असे तिचे तीन विषय. संचालक होते ऑयगेन फिशर. पेशाने वैद्यकातले, शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक. इरावतीबाईंचे ते मार्गदर्शक झाले.

त्या काळच्या मानववंशशास्त्रज्ञाच्या हातपेटीत काय असे, हे आजच्या रंगतक्त्यांच्या जमान्यात मुद्दाम पाहण्यासारखं आहे. त्वचेसाठी फेलिक्स फॉन लुशान यांची ३६ रंगीत काचांची पट्टी होती. उन्हाने न रापलेल्या जागी, उदाहरणार्थ दंडाच्या आतल्या बाजूला, एकेक काच धरून जुळणारा क्रमांक लिहायचा. डोळ्यांसाठी रुडॉल्फ मार्टिन यांची काचेचे डोळे बसवलेली पाटी होती. आणि केसांसाठी होता खुद्द फिशर यांनी १९०७ मध्ये तयार केलेला तक्ता. त्यात पिवळ्यापासून काळ्यापर्यंत केसांच्या छटांचे नमुने ओळीने लावलेले असत. त्वचा, केस, डोळे. ॲपमधलं रंगविश्लेषण आज याच तीन गोष्टी पाहतं.

नमुन्याशी रंग जुळवून पाहण्यात वाईट काही नाही. रंगाची दुकानं आणि दंतवैद्य रोज तेच करतात. प्रश्न पुढच्या पायरीवर येतो. फिशर १९०८ मध्ये जर्मन वसाहत असलेल्या नैऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात गेले. तिथे रेहोबोथ गावी बोअर पुरुष आणि खोईखोई स्त्रिया यांच्या वंशजांची मोजमापं घेतली. केसांची वळणं, डोळ्यांचे रंग, त्वचेच्या छटा यांची नोंद केली. गुणधर्म पिढ्यान्‌पिढ्या कसे उतरतात एवढंच त्यांनी १९१३ च्या ग्रंथात लिहिलं असतं तर तो विज्ञानाचा भाग राहिला असता. पण त्यांनी वंशसंकर घातक ठरवला आणि मिश्र संततीला कमी प्रतीचं मानलं. नोंदवहीतल्या रंगावरून माणसाची लायकी ठरली.

या आधीची एक उलटी गोष्टही सांगायला हवी, कारण ती एका डॉक्टरची आहे. पेशीविकृतिशास्त्राचे जनक रुडॉल्फ फिरखो यांनी १८७० च्या दशकात जर्मनीतल्या ६७ लाखांहून अधिक शाळकरी मुलांच्या त्वचेचा, केसांचा आणि डोळ्यांचा रंग शिक्षकांकरवी नोंदवून घेतला. निळे डोळे आणि सोनेरी केस ही जर्मनांची ओळख, असा तेव्हाचा समज. आकडे तसं सांगत नव्हते. हा तथाकथित शुद्ध जर्मन रंग मुलांच्या निम्म्यातही नव्हता, आणि ज्यू मुलांतही अनेकांचे केस सोनेरी नि डोळे निळे होते. पाहणीचा निष्कर्ष १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला. समज मात्र तसाच राहिला.

१४९ कवट्या

फिशर यांनी इरावतीबाईंना दिलेला विषय रंगाचा नव्हता, कवटीचा होता. माणसाच्या कवटीचा डावा आणि उजवा भाग तंतोतंत सारखा नसतो. ही असमानता युरोपीय कवट्यांत जास्त असते, तिचा संबंध मेंदूच्या विकासाशी आणि म्हणून बुद्धीच्या श्रेष्ठतेशी आहे, अशी अटकळ होती. ती मोजमापांनी तपासायची होती. संस्थेच्या संग्रहात कवट्यांची वाण नव्हती. त्यांत जर्मनीच्या आफ्रिकी वसाहतींतून आणलेल्या कवट्याही होत्या. कुणाच्या परवानगीने आणल्या, हे विचारण्याची तेव्हा पद्धत नव्हती.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. डावी बाजू, उजवी बाजू, अंतरं, कोन. असमानता होती. ती सगळ्यांत होती. पण वंशाशी तिचा संबंध दिसला नाही. युरोपीय आणि युरोपाबाहेरच्या कवट्यांत त्या अटकळीला आधार देणारा फरक नव्हता. त्यांनी प्रबंधात तेच लिहिलं.

हे वाक्य आज लिहायला सोपं वाटतं. पंचविशीच्या आसपासची, वसाहतीतून आलेली, कर्जावर शिकणारी, भाषा नव्याने शिकलेली एक विद्यार्थिनी. समोर देशातला वजनदार प्राध्यापक, ज्याच्या सहीशिवाय पदवी नाही. आकडे थोडे इकडेतिकडे लावून गुरूला हवं ते लिहिणं अवघड नव्हतं. संशोधनात काम केलेल्या कुणालाही हा मोह माहीत असतो. त्यांना डॉक्टरेट मिळाली. फिशर यांनी मात्र प्रबंधाला सर्वांत खालची श्रेणी दिली, असं त्यांचे चरित्रकार सांगतात.

त्यानंतर त्या संस्थेचं काय झालं, हे वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावं. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले. संस्थेतले तज्ज्ञ सक्तीच्या नसबंदीच्या आणि वंशनिश्चितीच्या कामात सामील झाले. राइनलँडमधल्या मिश्रवर्णी मुलांची नसबंदी करण्यात आली. १९४२ मध्ये फिशर यांच्या जागी ओटमार फॉन फेर्शुअर आले. त्यांचा शिष्य योसेफ मेंगेले हा डॉक्टर आउश्वित्झच्या छळछावणीत होता. दोन डोळ्यांचे रंग वेगळे असलेल्या, छावणीत मारल्या गेलेल्या सिंटी कुटुंबातल्या माणसांचे डोळे त्याने याच संस्थेतल्या एका संशोधिकेकडे पाठवले. तिच्या अभ्यासाचा विषय होता डोळ्यांच्या बुबुळांचा रंग.

पुण्यातली मोजमापं

इरावतीबाई तोवर भारतात परतून बरीच वर्षं झाली होती. १९३१ ते १९३६ या काळात त्यांनी श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रशासनात काम केलं. १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या समाजशास्त्र शिकवू लागल्या आणि अखेरपर्यंत तिथेच राहिल्या. पुण्यात स्कूटर चालवणारी ही पहिली स्त्री. कपाळावर कुंकू नाही, गळ्यात मंगळसूत्र नाही, नवऱ्याला एकेरी नावाने हाक. त्यांच्या या गोष्टींची चर्चा शहरात पुष्कळ झाली. १९४७ च्या दिल्लीतल्या विज्ञान परिषदेत मानववंशशास्त्र विभागाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं, याची चर्चा त्यामानाने कमी झाली.

मोजमापाची साधनं त्यांनी टाकून दिली नाहीत. महाराष्ट्राच्या गावोगाव त्या हिंडल्या. डोक्याची लांबी-रुंदी, नाक, उंची मोजली. पुढे रक्तगटांचाही आधार घेतला. अर्थतज्ज्ञ आणि संख्याशास्त्राचे जाणकार वि. म. दांडेकर यांच्याबरोबर त्यांनी १९५१ मध्ये महाराष्ट्राच्या मोजमापांवर ग्रंथ लिहिला. पश्चिम खानदेशातल्या भिल्लांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. डोंगरपट्ट्यातल्या आदिवासींकडे मागास म्हणून न पाहता, त्यांच्या नातेसंबंधांची आणि जगण्याची रीत समजून घ्यावी, अशी त्यांची दृष्टी होती.

या कामातून त्यांना जे दिसलं ते आपल्या विषयासाठी महत्त्वाचं आहे. कुंभार हे एक नाव, पण महाराष्ट्रात कुंभारांच्या अनेक जाती. कुणाचं चाक मोठं म्हणून ते थोरचाके, कुणाचं लहान म्हणून लहानचाके. या जातींत आपसात लग्नं होत नाहीत. शरीराची मोजमापं पाहिली तर एकाच नावाच्या या जाती एकमेकींहून वेगळ्या निघाल्या. मग एका मूळ जातीचे तुकडे पडून पोटजाती झाल्या, हे सर्वमान्य स्पष्टीकरण त्यांना पटेना. वेगवेगळे गट एका धंद्यामुळे एका नावाखाली आले असावेत, असा उलटा विचार त्यांनी मांडला. १९६८ मध्ये कैलाश मल्होत्रा यांच्याबरोबर त्यांनी सारख्या दर्जाच्या आठ गटांची जैविक तुलना प्रसिद्ध केली. हे गट महाराष्ट्रातल्या ब्राह्मणांचे होते. तिथेही एक नाव म्हणजे एक रूप, असं आढळलं नाही.

त्यांच्या या कामावर पुढच्या अभ्यासकांनी टीकाही केली आहे, आणि ती रास्त आहे. ज्या संस्थेत वंशश्रेष्ठतेचं शास्त्र शिजत होतं तिथली मोजपट्टी त्यांनी भारतातल्या जातींना लावली. जात म्हणजे एक जैविक गट, ही चौकट त्यांच्या लेखनात बराच काळ राहिली. जात टिकवून धरणाऱ्या सत्तेकडे, जमिनीकडे आणि शोषणाकडे त्यामुळे कमी लक्ष गेलं. इरावतीबाईंचं मोठेपण सांगताना हे झाकण्याचं कारण नाही. मोजपट्टीतून बाहेर पडायला त्यांनाही वेळ लागला. पण मोजमापावरून कुणी वरचा, कुणी खालचा असं त्यांनी ठरवलं नाही.

मोजपट्टी बाजूला ठेवून त्या लिहायला बसल्या की दुसरंच काही घडे. ‘परिपूर्ती’, ‘भोवरा’, ‘गंगाजल’ या ललित लेखसंग्रहांनी मराठी निबंधाला नवं वळण दिलं. पंढरीच्या वारीत चालताना त्यांना दिंड्यांमधला भक्तिभाव दिसला, तशीच ब्राह्मणांची आणि मराठ्यांची वेगळी पंगतही दिसली, आणि ती त्यांना सलली. १९५३ मध्ये भारतातल्या नातेसंबंधांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ आला. ‘युगान्त’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. महाभारतातली माणसं त्यांनी देवत्वाचा मुलामा काढून आपल्यासमोर उभी केली. अखेरच्या वर्षांत कोयना धरणामुळे उठलेल्या गावांची पाहणी त्यांनी मुलगी जाई निंबकर यांच्यासह केली. ११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

त्वचेच्या रंगाचं आजचं विज्ञान

इरावतीबाईंच्या काळात रंगाचं कारण पेशीच्या पातळीवर पुरतं उलगडलेलं नव्हतं. आज बरंच कळलं आहे. त्वचेत मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशी असतात. काळ्या, सावळ्या, गोऱ्या सर्व माणसांत त्यांची संख्या साधारण सारखीच. फरक पडतो तो त्या किती मेलॅनिन बनवतात, कोणत्या जातीचं बनवतात आणि त्याचे कण केवढे असतात, यावर. एक मेलॅनिन तपकिरी-काळं, दुसरं पिवळट-लालसर. गडद मेलॅनिन उन्हातल्या अतिनील किरणांपासून पेशींमधल्या डीएनएचं रक्षण करतं. भर दुपारी भातशेतीत राबणाऱ्या माणसाची सावळी कातडी म्हणजे त्याची अंगभूत छत्री आहे.

२००५ मध्ये झेब्रा माशावरच्या संशोधनातून एक जनुक सापडलं. त्यातल्या एका अक्षराच्या बदलाने त्वचा फिकी होते. युरोपात हा बदल जवळजवळ प्रत्येकात आहे. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं, की हाच बदल भारतातही दूरवर पसरलेला आहे, कुठे अधिक, कुठे कमी, आणि त्याचं मूळ एकच आहे. रंग ठरवणारी जनुकं आणखी अनेक आहेत. म्हणून एकाच घरात एक भाऊ गोरा आणि दुसरा सावळा निपजतो. आमच्या तालुक्यांचंच पाहा. वारली, कोकणा, धोडिया, दुबळा, काथोडी, किनाऱ्यावरचे मांगेले, चिकूच्या वाड्या लावणारे इराणी. सकाळच्या केसपेपरच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसांच्या छटा चार खान्यांत घालायला निघालात, तर दुपारपर्यंत खाने संपतील आणि माणसं उरतील.

मनगटावरच्या शिरांचं कोडंही प्रकाशाचं आहे. शिरेतलं रक्त निळं किंवा हिरवं नसतं, गडद लालच असतं. लाल प्रकाश त्वचेत खोलवर जातो आणि शिरेतलं रक्त तो शोषून घेतं. निळा प्रकाश वरच्या थरांतूनच परततो. त्यामुळे आजूबाजूच्या त्वचेच्या तुलनेत शिरेची जागा निळसर भासते. त्वचेची पिवळट-तपकिरी छटा त्यात मिसळली की ती हिरवट दिसते. रक्ताच्या दोषाशी याचा संबंध नाही.

मग ऋतूंचे रंग खोटे का?

चार ऋतूंची कल्पनाही जर्मनीतच, त्याच सुमाराला रुजली. योहानेस इटेन हे स्विस चित्रकार १९१९ ते १९२३ या काळात वायमारच्या बाउहाउस कलाशाळेत शिकवत. विद्यार्थ्यांना आवडीचे रंग निवडायला सांगितले, की ते बरेचदा स्वतःच्या केसांशी आणि वर्णाशी मेळ खाणारे रंग निवडतात, असं त्यांच्या लक्षात आलं. पुढे अमेरिकेत कॅरोल जॅक्सन यांच्या १९८० च्या पुस्तकाने ऋतूंचं हे वर्गीकरण घराघरांत नेलं. आता कोरियन व्हिडिओंमधून ते आपल्याकडे आलं आहे.

इटेन यांचा तक्ता आणि फिशर यांचा तक्ता यांना एका मापाने तोलणं अन्यायाचं होईल. एकाने कापड निवडायला मदत केली, दुसऱ्याने माणसांवर निकाल दिले. पण ऋतूंच्या पद्धतीची मर्यादा ओळखावी. ती सोनेरी, तांबूस, तपकिरी केस आणि निळे, हिरवे, राखाडी डोळे असलेल्या लोकांमध्ये तयार झाली. बहुतेकांचे केस काळे आणि डोळे गडद असलेल्या आपल्या मुलखात ती बहुतेकांना एक-दोन ऋतूंतच ढकलते. शिवाय मोबाइलचा कॅमेरा स्वतःच रंग बदलतो. ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो आणि अंगणात काढलेला फोटो टाकून पाहा. एकाच दिवसात तुमचा ऋतू पालटेल.

त्यामागचं खरं तत्त्व जुनं आणि साधं आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल यांनी १८३९ मध्ये ते मांडलं. गालिचे आणि पडदे विणणाऱ्या गोबलँच्या कारखान्यात रंगाईचं काम पाहताना त्यांना कळलं, की शेजारी असलेले रंग एकमेकांचं रूप बदलतात. म्हणूनच गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला वारली लग्नचौक इतका उठून दिसतो. तेच पीठ पांढऱ्या भिंतीवर दिसणारही नाही. चेहऱ्याजवळच्या कापडाचंही तसंच आहे. तेव्हा दुकानात कापड घेऊन दारापाशी, दिवसाच्या उजेडात या. हनुवटीखाली धरून आरशात पाहा. चेहरा टवटवीत वाटतो की डोळ्यांखालची वर्तुळं आधी दिसतात, एवढंच बघा. सोबत बहीण किंवा मैत्रीण असली तर उत्तम. आणि तक्त्यात नसलेला रंग मनाला भावला, तर तो खुशाल घ्या.

डॉक्टर रंग कुठे पाहतात

रंग आम्हीही पाहतो, पण वेगळ्या जागी. रक्त कमी आहे का, हे खालच्या पापणीच्या आत, जिभेवर, तळहातावर आणि नखांखाली. कावीळ आहे का, हे डोळ्यांच्या पांढऱ्या भागात. प्राणवायू कमी पडतोय का, हे ओठ आणि जिभेवर. या जागी मेलॅनिनचा पडदा पातळ असतो, म्हणून माणूस गोरा असो की सावळा, रोग तिथे दिसतो. गाल पाहून तब्येत ठरवू नका. आमच्या भागात सिकलसेलचे रुग्ण आहेत, किशोरवयीन मुलींत रक्तक्षय नेहमीचा. एखादी मुलगी हल्ली उजळली म्हणून घरचे खूश होतात, आणि तपासावं तर हिमोग्लोबिन उतरलेलं असतं. मुलगी अचानक फिकी दिसू लागली, दम लागू लागला, तर आधी रक्त तपासून घ्या. सिकलसेलची चाचणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. रंग उजळायला काहीही लावू नका. दुकानात हातोहात मिळणाऱ्या अनेक क्रीममध्ये बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोलसारखी स्टेरॉइड असतात. पंधरा दिवस चेहरा उजळ वाटतो. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुरळ येतं, चेहऱ्यावर लव वाढते. क्रीम बंद केलं की आग होते, म्हणून पुन्हा लावलं जातं, आणि या फेऱ्यातून बाहेर यायला कित्येक महिने लागतात. ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाहीत. काही बेनामी क्रीममध्ये पारा असतो. २०२३ मध्ये केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात अशा क्रीममुळे मूत्रपिंडाचा विकार झालेले रुग्ण आढळले. त्यांच्या लघवीतून प्रथिनं जात होती, अंगावर सूज होती. असं क्रीम वापरत असाल तर ते घेऊन रुग्णालयात या. स्टेरॉइड एकदम थांबवू नका, ते कसं कमी करायचं हे डॉक्टर सांगतील. पाऱ्याची शंका असेल तर मात्र क्रीम त्याच दिवशी थांबवा आणि लघवीची तपासणी करून घ्या.

या लग्नसराईत ॲपने सांगितलेला ऋतू पाहून कुणी साडी निवडली, तर डॉक्टर म्हणून माझी काही हरकत नाही. पण त्याच तक्त्यावरून एखाद्या मुलीला तिचा रंगच चुकीचा आहे असं वाटू लागलं, तर घरातल्या मोठ्या माणसांनी तिच्याशी बोलायला हवं. बोलताना इरावतीबाईंची गोष्ट जरूर सांगा. शेजारच्याच जिल्ह्यांतून हिंडून, हजारो चेहरे जवळून पाहिलेली ती बाई होती, आणि तिच्या वहीत कुठल्याच रंगापुढे कमी किंवा जास्त असा शेरा नव्हता.